करपल्या पायाची साक्ष

"कोंबडी खाली लागली गं, हलवा कोणीतरी!" माझी मैत्रीण सलोमी ओरडली.

नाताळचं जेवण होतं. आमचं गाव नवापूरकडच्या डोंगरपट्टीत, गुजरातची हद्द पायी गाठता येईल इतकं जवळ. मंडळीच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या, अंगणात दरवर्षी चुली मांडून आम्ही गावजेवण करतो. ख्रिस्ती असो की नसो, सगळे येतात. देवाचं नाव ऐकायला येतात की रश्शाला, हे आम्ही विचारत नाही. मी भगिनी मंडळाची प्रमुख. म्हणजे स्वतः काही करायचं नाही, चुलीजवळ उभं राहून दुसऱ्यांना काय करायचं ते सांगायचं. त्या दिवशीही मी अनवाणी उभी राहून सांगत होते. पातेल्यात डोकावून पाहिलं, रस्सा छान उकळत होता. कोंबडी कुठेच लागली नव्हती. वास मात्र येतच होता, आणि त्यावरून मी दोघीतिघींना झापूनही घेतलं.

मग सलोमीने खाली पाहिलं. माझ्या डाव्या पायाच्या बोटांखाली चुलीतून उडालेला निखारा होता. मी त्याच्यावर उभी होते आणि मला काही म्हणजे काही कळत नव्हतं.

हे ऐकून लोक आधी हसतात, मग गप्प होतात. मीही त्याच क्रमाने गेले.

साखरेच्या आजाराच्या लोकांसाठी हे लिहितेय. पाय दुखत नाही म्हणून खूश होऊ नका. न दुखणारा पाय हा पाय राहिलेला नसतो, तो फक्त तुमच्या खाली असतो. खरं तर माझं सांगणं इथेच संपलं. पण थोडक्यात थांबणारी बाई मी नव्हे. माझी प्रार्थना सुरू झाली की लोक घरी जाऊन चुलीवरचा चहा उतरवून परत येतात, असं आमच्या मंडळीत म्हणतात. आणि ते खरं आहे, मी एकदा डोळे किलकिले करून पाहिलंय.

नंदुरबारला

भाजलेल्या जागेवर मी हळद लावली, कोरफड लावली, मंडळीने हात ठेवून प्रार्थना केली. बोटं काळी पडली तरी मी म्हणत होते, काजळी आहे, जाईल. शेवटी माझ्या नवऱ्याने, याकोबने, एका सकाळी मोटरसायकल दाराशी आणून उभी केली आणि काही न बोलता हॉर्न वाजवला. त्यांचं असंच आहे. दिवसाला एखादं वाक्य बोलतात, आणि तेही पावसापाण्याबद्दल.

नंदुरबारच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी पट्टी सोडली, नाकाला हात लावला नाही, हे मला तेव्हाच आवडलं. सुईने तळपाय टोचत विचारत होत्या, "मावशी, कळतंय? इथे? इथे?" मी नुसती त्यांच्या तोंडाकडे बघत होते. उत्तर तिथेच दिसत होतं.

"दोन बोटं काढावी लागतील," त्या म्हणाल्या. "विष वर चढलं नाही तर पाय वाचेल. चढलं तर गुडघ्याखालून जाईल. मी आत्ता शब्द देऊ शकत नाही."

याकोबने टोपी काढली, पुन्हा घातली. मग त्या दिवसाचं वाक्य बोलले. "चप्पल घाल म्हणून सांगितलं होतं."

सगळ्या आजारपणात ते मला एवढंच एकदा रागावून बोलले. रडायचं ठरवलं होतं मी, पण त्यांचे डोळे आधीच भरलेले दिसले. दोघांनी एकदम रडण्यासारखी ती जागा नव्हती, मागे रांग होती. म्हणून मी म्हटलं, "बायबलात याकोब देवाशी झुंजून लंगडतो. आपल्या घरात भलतंच माणूस लंगडायला लागलं."

ते हसले नाहीत. डॉक्टरीणबाईंना कळलं नाही. माझे विनोद असेच वाया जातात.

खोली

आयुष्यभर मी आजाऱ्यांना भेटायला जाणारी बाई. दर शुक्रवारी आमची टोळी निघते: डफ, गीतांचं पुस्तक, डाळीचं भांडं. कोणाच्याही घरी, कुठल्याही देवाच्या घरी. मी खाटेशी वाकून विचारायची, "आता बरं वाटतंय ना?" खाटेवर पडल्यावर कळलं की या प्रश्नाला एकच उत्तर चालतं, आणि ते देता देता माणूस दमून जातो.

बायकांच्या त्या खोलीत माझ्या शेजारच्या खाटेवर एक म्हातारी होती. सारंगखेड्याकडच्या पाटलांची, तापीकाठची, ऊस-केळीची शेतीवाडी असलेल्या घरची. खोलीतले सगळे तिला जिजी म्हणायचे. तिचाही आजार माझाच. तिचा उजवा पाय गुडघ्याखाली आधीच गेलेला आणि जखम अजून ओली. बोलणं अहिराणी, आणि जीभ अशी की तिच्या सुईला सिस्टरबाई दोघी मिळून यायच्या.

आमच्या मंडळीची जुनी रीत आहे. आपलं माणूस दवाखान्यात असलं की त्याच्या एकट्याचा डबा न्यायचा नाही. खोलीला पुरेल एवढं न्यायचं, आधी शेजारच्या खाटांना वाढायचं आणि आपल्या माणसाला सगळ्यांत शेवटी. ही रीत मी कितीतरी वर्षं कडक पाळायला लावली. आता शेवटचं आणि गार माझ्या वाट्याला यायचं. तांदळाच्या भाकरीचा काठ आणि पातेल्याच्या तळाची उडदाची डाळ. रीत चांगली आहे, एवढंच म्हणते.

सलोमी पहिल्या दिवशी डाळ घेऊन जिजीच्या खाटेशी गेली तर जिजीने पदराने तोंड झाकलं.

"नको वं माय. माले माहीत शे तुम्हनं. आधी डाळ देशात, मंग पुस्तक देशात, मंग म्हनशात नाव बदल."

सलोमीच्या पिशवीत पुस्तिका होत्याच. ती जरा लाल झाली. "पुस्तक मागितलं तर देतो आम्ही, जिजी."

"नि डाळ?"

"डाळ न मागता."

तरी जिजीने डाळ घेतली नाही. पण एक दिवस उसाच्या तोडीमुळे तिच्या मुलाला डबा घेऊन येता आलं नाही. दुपारपर्यंत ती दाराकडे बघत राहिली. मग सलोमीकडे न बघता तिने थाळी पुढे केली. सगळी डाळ संपवली, थाळी पुसून घेतली आणि म्हणाली, "मीठ कमी शे."

त्या दिवसापासून तिची आणि सलोमीची रोज मिठावरून भांडणं. मी मधे पडून जिजीला पथ्य सांगायची. तिच्या पदराच्या गाठीत साखरफुटाणे असायचे, दत्ताच्या जत्रेतला प्रसाद. सिस्टरची पाठ वळली की एक दाणा गालात.

"जिजी, साखरेनेच पाय गेला ना तुमचा?"

"म्हनीसनच खास," म्हणजे म्हणूनच खाते, असं ती म्हणायची. "पाय लई गई, आते कशाले भ्याऊ तिले?"

आमच्यात प्रसाद खात नाहीत. मूर्तीपुढचं तोंडात घालायचं नाही हे लहानपणापासून अंगात मुरलेलं. जिजीने दोनदा दाणा पुढे केला, मी दोनदा हात जोडले. तिने राग धरला नाही. "तुन्हा देव कडक शे," एवढंच म्हणाली. "आम्हना बरा, भोळा."

खरं सांगते, मला तिला माझ्या प्रभूबद्दल सांगायचं होतं. तसं सांगितलंही. तिने पूर्ण ऐकलं, मधे दोनदा कूस बदलली आणि शेवटी विचारलं, "त्याले खिळा ठोकात तवय त्याना पाय बी गया व्हतीन का वं?" मी म्हटलं, नाही, पाय राहिले. खुणांसकट राहिले. ती पंख्याकडे बघू लागली. "नशीबवान," म्हणाली.

पायाचा उपवास

दोन बोटं काढून झाली होती. तरी ताप उतरेना. पट्टी बदलताना डॉक्टरीणबाईंनी घोट्याच्या वर पेनने एक रेघ मारली. "लाली या रेघेच्या वर गेली तर मावशी, मग मला विचारू नका, मी सांगेन."

रेघेची बातमी गावी गेली. मंडळीने ठरवलं, शुक्रवारी सगळ्यांनी उपवास धरायचा, सकाळपासून संध्याकाळच्या उपासनेपर्यंत, मार्थाबाईचा पाय वाचावा म्हणून. मार्थाबाई म्हणजे मी. याकोबही धरणार होते. फोनवर मंडळीचे धर्मगुरू, आमचे पाळकसाहेब, मला म्हणाले, "तुम्ही धरायचा नाही हं. तुम्ही आजारी आहात."

मी हो म्हटलं.

पण विचार करा. मी उपवास लावणारी बाई. उपवासाच्या दिवशी कोणी चोरून चहा घेतला तर मी त्याला वर्षभर ऐकवलेलं आहे. आणि आता म्हातारीकोतारी माणसं माझ्या पायासाठी पोटाला चिमटा घेऊन बसणार, आणि मी खाटेवर बसून उपमा खाणार? तो पाय वाचला असता तरी मला त्याच्यावर उभं राहायला लाज वाटली असती.

सकाळी सिस्टरने साखर उतरवायची सुई दिली. "नाश्ता करा लगेच," म्हणाली आणि पुढे गेली. मी उपमा डब्यात भरून उशीखाली सारला. याकोबला वाटलं, खाल्ला. जिजीने सगळं पाहिलं होतं.

"का वं, खात का बरं नही?"

"उपवास आहे जिजी."

"कोना? आज ते एकादशी बी नही."

"माझ्या पायाचा."

जिजी हसली. तिला दात कमी, त्यामुळे ती हसली की सगळं तोंड आत जायचं. "पायना उपवास, नि तोंडले कसाले सजा?"

मी डोळे मिटून प्रार्थनेला लागले. थोड्या वेळाने अंगाला बारीक कंप सुटला. तळहात घामाने भिजले, छाती धडधडायला लागली, कानात गीत वाजल्यासारखं झालं. आणि मला, देवाच्या नावाने सांगते, मला वाटलं पवित्र आत्मा उतरतोय. आमच्या मंडळीत प्रार्थनेत लोक असेच थरथरतात. मला इतक्या वर्षांत कधी तसं झालं नव्हतं, आणि त्याचं मनात जरा शल्य होतं. सलोमीला दर सणाला व्हायचं. मी मनात म्हटलं, आला. शेवटी माझ्याकडेही आला. आता पाय वाचलाच.

याकोबने पाहिलं. बायकोचे ओठ हलताहेत, अंग कापतंय, चेहरा घामाने निथळतोय. त्यांनी काय करावं? त्यांनी टोपी काढली, माझ्या उशाशी गुडघे टेकले आणि मला व्यत्यय नको म्हणून डोळे मिटून घेतले.

दुसऱ्या कुठल्याही नवऱ्याने आरडाओरडा केला असता. आमचा याकोब मोठ्या भक्तिभावाने माझं मरण बघत बसला.

यापुढचं मला दुसऱ्यांनी सांगितलेलं. माझी मान कलली. शब्दांचं नुसतं गुरगुरणं झालं. जिजी तिच्या खाटेवरून ओरडली, "अरे याकोब! तुन्ही बायको मरी ऱ्हायनी नि तू डोया मिचीसन बठेल शे!" याकोबला वाटलं, म्हातारी नेहमीसारखी टिंगल करतेय. सिस्टर पलीकडच्या वॉर्डात होती. तेव्हा जिजी खाटेवरून उतरली. उतरली म्हणजे पडली. एक पाय नसलेली ती बाई फरशीवर पडली आणि हातांवर सरकत माझ्या खाटेपाशी आली. पदराची गाठ दातांनी सोडली आणि होते नव्हते तेवढे साखरफुटाणे चुरडून माझ्या गालात कोंबले. मग मात्र याकोब धावले आणि सिस्टरला घेऊन आले.

मला पहिली आठवते ती गोड चव. मग सलाईनची बाटली. मग फरशी, आणि फरशीवर जिजीच्या पट्टीतून पसरलेलं रक्त. तिचे टाके उसवले होते. दोन माणसं तिला उचलून खाटेवर ठेवत होती आणि ती माझ्याकडे मान वळवून सांगत होती, "दत्तना परसाद शे. तुन्हा देवले सांग, म्हातारीनी दिधा, रागे भरू नको."

डॉक्टरीणबाई माझ्यावर रागावल्या नाहीत. त्यांनी उशीखालचा डबा काढून माझ्या पुढ्यात ठेवला, झाकण उघडलं आणि मी गार उपम्याचा शेवटचा घास गिळेपर्यंत तिथेच उभ्या राहिल्या. त्यापेक्षा ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

थुंकायचं होतंस

रात्री उपवास सोडून सलोमी आणि बायका डाळ घेऊन आल्या. खोलीने त्यांना सगळं आधीच सांगितलं होतं. खोलीच्या पोटात काही राहत नाही.

सलोमी माझ्या खाटेच्या कडेला बसली. "प्रसाद खाल्लास?"

"मला शुद्ध नव्हती गं."

"शुद्धीवर आल्यावर?"

"तोपर्यंत विरघळला होता."

"थुंकायचं होतंस," ती हळूच म्हणाली. रागाने नाही. घाबरून. "आज तरी. सगळी मंडळी उपाशी होती मार्था. आजच्या दिवशी तरी."

 शेजारच्या खाटेवर जिजी भिंतीकडे तोंड करून पडली होती. मराठी तिला चांगली समजत होती. त्या दिवशी सलोमीने खोलीत सगळ्यांना वाढलं, जिजीलाही वाढलं. पण मिठाचं भांडण झालं नाही.

दुसऱ्या दिवशी लाली रेघेच्या वर गेली.

सही

मी पुष्कळ आजाऱ्यांना सांगितलं होतं, भिऊ नका. भीती काय असते ते मला माहीत नव्हतं. भीती म्हणजे आपलाच पाय चादरीखाली तंबूसारखा उभा दिसणं, आणि त्याची कीव येणं. लहानपणी याच पायाने मी रंगावली नदीच्या पाण्यात खेकडे शोधलेत. लग्नाच्या दिवशी याच्याच अंगठ्याला ठेच लागली होती. मी त्याला चादरीवरून हात लावला. त्याला कळलं नाही.

याकोबने सही केली. सुरतेला कारखान्यात असलेल्या मुलाला फोन लावला आणि तो नुसताच कानाला धरून उभे राहिले. पलीकडून मुलगा "बाबा, बाबा" करत होता ते मला ऐकू येत होतं. शेवटी मीच फोन घेतला आणि म्हटलं, "काही नाही रे. चप्पल आता एकच लागेल." मुलगा रडला. विनोद तोही गेला.

मला नेत होते तेव्हा जिजी तापाने फणफणली होती. तरी तिने हात पुढे केला. ट्रॉली थांबली नाही, म्हणून तिची बोटं फक्त माझ्या कोपराला लागली.

शुद्धीवर आल्यावर मी देवाला एकच विचारलं. माणसं दिवसभर उपाशी राहिली, ते तुला दिसलं का? उत्तर आलं नाही. अजून आलेलं नाही. मी हे लिहितेय कारण मंडळीतल्या आजाऱ्यांनाही कधीतरी उत्तर येत नाही, आणि त्यांना वाटतं आपल्याच बाबतीत असं झालं.

मंडळीत मात्र उत्तर तयार होतं. कोणीतरी म्हणालं, कोणीतरी दुजोरा दिला: प्रसाद खाल्ला, म्हणून पाय गेला. देव देत होता, तिने तोंड फिरवलं. याकोब बाजारातून ऐकून आले. त्या दिवसाचं वाक्य त्यांनी यावर खर्च केलं. "रेघ उपवासाच्या आधी मारली होती," म्हणाले.

साक्ष

आमच्याकडे बरं होऊन आलेल्या माणसाने रविवारी उभं राहून साक्ष द्यायची असते. देवाने काय केलं ते चारचौघांत सांगायचं. मी कुबड्यांवर उभी राहिले. पाळकसाहेब आधी घरी येऊन गेले होते. भला माणूस आहे. चहा दोनदा ढवळून म्हणाले होते, "जीव वाचला, एवढं सांगा. कशाने वाचला ते... ज्याला त्याला समजतं."

समोर सगळी मंडळी. माझ्यासाठी उपाशी राहिलेली. पहिल्या ओळीत सलोमी.  ही माझीच माणसं. साक्षीतून ती प्रसादाची साखर वगळली तर सगळे सुटत होते. मी, पाळकसाहेब, आणि कदाचित देवसुद्धा.

मी सांगितलं. उपमा, थरथर, पवित्र आत्म्याचा घोटाळा. इथे काही जण हसले. मग म्हटलं, "तुम्ही माझ्या पायासाठी उपाशी राहिलात. पाय राहिला नाही. मी उपाशी राहिले तेव्हा एक बाई खाटेवरून खाली पडली आणि तिने मला भरवलं. तिच्याकडे जे होतं ते भरवलं. ते दत्ताचं होतं. मला ते थुंकायचं नव्हतं. शुद्ध असती तरी थुंकलं नसतं. मी जिवंत आहे याची एवढीच साक्ष माझ्याकडे आहे, यातलं काही काढलं तर ती खोटी होईल. आमेन."

आमेन कोणी म्हटलं नाही. याकोबने म्हटलं, पण त्यांचा आवाज लहान. सलोमी उठली आणि बाहेर निघून गेली. तिच्यामागे आणखी दोघी गेल्या. माझ्या आयुष्यातलं हे सगळ्यांत आखूड बोलणं होतं आणि त्यानेच माणसं उठून गेली, हे त्या अवस्थेतही माझ्या लक्षात आलं.

त्यानंतर शुक्रवारची टोळी माझ्या दारावरून जायची. डफ वाजायचा, पण आत कोणी यायचं नाही. पायापेक्षा हे जास्त दुखलं. पायाला निदान कळत नव्हतं.

तापीकाठी

जिजीची जखम भरत नाही आणि तिला घरी नेलंय, असं दवाखान्यात तपासायला गेले तेव्हा कळलं. मी डॉक्टरीणबाईंना विचारलं, त्या दिवशी खाली पडल्यामुळे का? त्या म्हणाल्या, "सांगता येत नाही मावशी. तुम्ही तसं धरून बसू नका." मी धरून बसलेच आहे.

शुक्रवारी याकोबने भाड्याची जीप सांगितली. मी पुढच्या सीटवर कुबड्या घालत होते तेव्हा मागचं दार उघडलं. डाळीचं भांडं आत आलं आणि त्याच्यामागून सलोमी.

"मीठ जास्त घातलंय," ती म्हणाली. 

जिजीच्या ओट्यावर तिचा मुलगा उभा होता. त्याने आम्हाला ओळखलं, पाण्याचा तांब्या दिला. मग नजर चुकवत म्हणाला, "भेटा ना. पन प्रार्थना-बिर्थना काही नको, बाई. आम्हले गावमा ऱ्हानं शे."

मी सलोमीकडे पाहिलं. आता ही काय बोलते? ती म्हणाली, "डाळ चालेल ना?"

आत जिजी अंथरुणात हरवली होती. डोळे तेवढे तेच. मला कुबड्यांवर बघून तिने भुवया उचलल्या.

"तुन्हा पाय कोठे शे?"

"दवाखान्यात राहिला, जिजी."

"मन्हा बी तठेच शे." तिने दम घेतला. "एक डावा, एक उजवा. दोन्ही संगे फिरी ऱ्हायना व्हतीन."

आम्ही दोघी हसलो. माझा विनोद नव्हता, म्हणून तो लागला असावा. सलोमी तोंडाला पदर लावून भिंतीकडे वळली.

मग ती खाली बसली आणि जिजीला डाळ भरवू लागली, चमच्याने, ओठांवरचं पुसून घेत. तीन-चार चमचे गेले. "आते बरं शे," जिजी म्हणाली. मिठाबद्दल. मग तिने उशाची पुरचुंडी चाचपली आणि एक साखरफुटाणा काढून सलोमीच्या तळहातावर ठेवला. सलोमीने मूठ मिटली. मी दुसरीकडे बघितलं.

प्रार्थना केली नाही. मी, जिच्या प्रार्थनेत चहा उतरवून येतात, ती जिजीचा हात धरून गप्प बसले. तो हात गरम होता आणि हलका होता. मुलगा दारात उभा राहून आम्ही ओठ हलवतोय का ते बघत होता. नव्हतो हलवत.

परतताना सलोमीची मूठ मिटलेलीच होती. घाट लागला तेव्हा कधीतरी तिने पदराने हात पुसला. खाल्ला की टाकला, मी विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही.

चूल

काही दिवसांनी सकाळी फोन आला. जिजीचा मुलगा होता.

"माय गई, बाई."

मी काय बोलले आठवत नाही.  मागे बायकांचं रडणं ऐकू येत होतं. मग घसा खाकरून म्हणाला, "घरमा आज चूल पेटाव्हनी नही. भाऊबंद शेतसच. पन मायनी सांगेल व्हतं, त्या डाळवाल्या बायासले सांगजो." मग हळूच, "व्हई का?"

मी होईल म्हटलं. किती माणसं आहेत विचारलं. तो म्हणाला, बरीच.

सलोमीला निरोप धाडला. ती आली, आणि तिच्यामागे त्या रविवारी उठून गेलेल्या दोघीही आल्या. मंडळीच्या अंगणात चूल मांडली, मोठं पातेलं चढवलं. डाळ कोणी धुतली, लाकडं कोणी आणली, कोणी कोणाला काही विचारलं नाही. मला उचलून खुर्चीत बसवलं होतं, म्हणजे सगळ्यांना काय करायचं ते सांगायला मी मोकळीच होते. पण मला एकही शब्द फुटत नव्हता. डाळ शिजत होती आणि मी जिजीच्या त्या रक्ताच्या पट्टीकडे बघत होते, जी तिथे नव्हती.

तेवढ्यात लाकूड तडकलं. ठिणगी उडून बाहेर पडली. सलोमी पातेल्याशी वाकलेली, पदर खोचलेला, डोळे धुराने की कशाने लाल झालेले, आणि दोन्ही पाय अनवाणी.

"सलोमी!" मी एवढ्या जोराने ओरडले की याकोब शेजारच्या आमच्या घरातून धावत आले. "चप्पल घाल! आधी चप्पल घाल!"

तिने माझ्याकडे पाहिलं. डाव मला धरायला दिला आणि चपला शोधायला गेली.